मडगार्डच्या आत

महिन्यातल्या एका रविवारी उजाडताच मी गाडीच्या पुढच्या उजव्या चाकाशी पाट टाकून बसतो. समोरच्या इमारतीच्या टाकीवर ऊन यायच्या आत काम उरकायचं असतं. तापलेल्या प्लास्टिकवर साबण जागच्या जागी वाळतो आणि ड्रेसिंगचे पांढुरके ओघळ उमटतात. आधी स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून घ्यायचं, म्हणजे चाकापुढची अर्धी पोकळी उघडी पडते. ती झाली की दुसऱ्या बाजूला वळवायचं, मग मागची अर्धी. मागच्या चाकांना ही सोय नाही. तिथं जमिनीवर आडवं होऊन, हात कोपरापर्यंत आत घालूनच काम करावं लागतं.

या जागेला आपल्याकडे धड नाव नाही. ‘मडगार्डच्या आत’ एवढंच म्हणतो आपण. गॅरेजमधली पोरं तिथल्या काळ्या प्लास्टिकच्या कमानीला लायनर म्हणतात. चाकाला वळायला, खड्ड्यात वरखाली व्हायला जी मोकळीक लागते ती ही. चाकानं उडवलेलं सगळं पहिल्यांदा इथंच येऊन आदळतं. चिखल, खडी, उन्हाळ्यात वितळलेलं डांबर, हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमधून सांडलेलं पाचट. बाटलीवर ‘ड्रेसिंग’ लिहिलेलं जे द्रावण मी तिथं लावतो, त्याला वॉशिंगवर सगळे सरसकट पॉलिशच म्हणतात. धुतलेला, वाळलेला लायनर त्यानं पुन्हा काळा होतो आणि पुढच्या वेळी चिखल जरा लवकर सुटतो. एवढंच त्याचं काम.

हे काम मी शिकलो त्याला कारण घडलं. ही जागा मी आयुष्यात पहिल्यांदा निरखून पाहिली, तेव्हा ती नको इतकी चमकत होती.

2020 च्या फेब्रुवारीत मी ही गाडी घेतली. जुनी, पांढरी, छोटी. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी दिवाणजी आहे, बावीस वर्षं झाली. नवी गाडी घेण्याइतकी ऐपत नव्हती आणि मुलीला मिरजेला क्लासला सोडायचं होतं. एका एजंटाकडे ही गाडी उभी होती. किलोमीटर कमी, सीटकव्हर नवी, टायर काळेभोर. एजंट खाली वाकला आणि मडगार्डच्या आत मोबाईलचा उजेड पाडून म्हणाला, “साहेब, हितपर्यंत स्वच्छ हाय बघा. जपून वापरलेली गाडी हाय.” मी वाकून पाहिलं. काळं, ओलसर चमकणारं, नव्यासारखं. ज्यानं ही जागासुद्धा इतकी राखली, त्यानं इंजिन किती राखलं असेल, असा विचार करून मी तिथंच विसार दिला.

आता सांगताना मला जे सगळ्यात जास्त लागतं ते हे, की माझा धंदाच मुळी वरच्या चमकेवर न जाण्याचा आहे. यार्डात हळदीचं पोतं उघडलं की पहिल्यांदा दिसतं ते पॉलिश. शेतातून काढलेली हळद शिजवतात, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात आणि मग ड्रममध्ये घालून फिरवतात. हळकुंडं एकमेकांवर घासतात, वरची खरबरीत साल, मुळ्या, माती झडून जाते आणि माल पिवळाधमक होतो. पॉलिश न केलेल्या मालाला भाव येत नाही, त्यामुळे सगळेच पॉलिश करतात आणि त्यात काही खोटं नाही. खोटं नाही ते अशासाठी, की खरेदीदार पोत्यात हात घालतो, खालचं हळकुंड वर काढतो आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून मोडतो. नीट वाळलेलं असलं तर खण्‌कन आवाज येतो, धातूचा येतो तसा. आत ओल राहिली असली तर ते आधी वाकतं आणि मग गुपचूप तुटतं. तुटलेल्या तोंडावर आतला केशरी रंग दिसतो, तो खरा. हजारो वेळा मी हे पाहिलंय, स्वतः मोडलीत. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या यार्डात केवढा आनंद झाला होता! आणि गाडी घेताना मात्र मी पोत्याच्या तोंडावरचं हळकुंड पाहून सौदा केला.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली. गाडी अडीच महिने जागची हलली नाही. जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि आत बसलं की वास यायला लागला. विहिरीचा गाळ उपसून काठावर टाकतात, त्याचा येतो तसा. एसीतून येतोय म्हणून फिल्टर बदलला. पायाखालचं मॅट उन्हात टाकलं. वास तसाच. शेवटी मिरज रोडवरच्या एका वॉशिंग सेंटरवर गाडी नेली.

तिथं साठीचे एक मामा होते. गाडी रॅम्पवर चढवली आणि ते खालून नुसते फिरले. पाणी मारलं नाही, काही केलं नाही. मग डाव्या बाजूच्या पुढच्या मडगार्डपाशी थांबले आणि लायनरवर मधल्या बोटाची गाठ आपटली. एकदा वर, एकदा मध्ये, एकदा खाली. वर पोकळ वाजलं, मध्ये पोकळ वाजलं. खाली, दरवाजाच्या अगदी पुढच्या कोपऱ्यात, बद्द आवाज आला.

“खोलू का?” मामांनी विचारलं.

प्लास्टिकच्या चार क्लिपा निघाल्या, एक स्क्रू निघाला आणि लायनरचा मागचा भाग पुढे ओढताच आतून गाळाची अख्खी लादी मामांच्या मनगटावर येऊन पडली. वीतभर लांब, दोन बोटं जाड. लायनरच्या मागे, बाहेरच्या पत्र्याच्या आत जी सापट असते, तिचा साचा घेऊन ती वाळली होती. एका बाजूला पत्र्याचा बाक, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या कडेची खाच. मामांनी ती माझ्या हातात दिली. मी काय केलं असेल? सवयीनं दोन्ही हातांत धरून मोडली.

आत थर होते. फिकट करडा, मग बारीक काळा, मग परत करडा, कागदाच्या जाडीचे. वाळू नव्हती, खडा नव्हता, बोटाला पिठासारखं लागत होतं. मधल्या थरात कडुनिंबाचं एक पान चपटं होऊन बसलं होतं. त्याचे करवती दात मोजता आले असते. चाकानं उडवलेल्या चिखलाला असे थर पडत नाहीत. तो गचके खात येतो, त्यात सगळं एकत्र असतं. असे थर पडतात ते पाणी येऊन थांबलं, निवळलं आणि हळूहळू ओसरलं तरच.

“म्हापुराची गाडी हाय ही,” मामा म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत. सांगलीत पुढे काही बोलावंही लागत नाही.

2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 45 फूट. 1929 साली बांधलेला तो पूल सांगलीकरांची मोजपट्टी आहे. पावसाळ्यात पेपर उघडला की आपण आधी पुलाची पातळी वाचतो, मग बाकीचं. 2005 चा पूर आमच्या पिढीला सगळ्यात मोठा वाटायचा. त्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं होतं. जमिनीखालच्या त्या कोरड्या पेवांत वर्षानुवर्षं हळद टिकायची. पाणी शिरलं आणि हळद आतल्या आत कुजली. आमच्या दुकानातले जुने दिवाणजी ती गोष्ट सांगायचे तेव्हा एक वाक्य हमखास म्हणायचे: पेव वरनं बघून कळत नाही. 2019 नं 2005 ला मागे टाकलं. गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोड, सगळं पाण्यात. गाड्यांचं काय घेऊन बसता, माणसं होडीतनं काढत होते.

त्या पाण्यात गेलेल्या गाड्यांचं पुढे काय झालं, हा विचार मी कधी केला नव्हता. त्या कुठे जाणार? धुतल्या गेल्या, वाळवल्या गेल्या, हातोहात फिरल्या आणि त्यातली एक माझ्या दारात आली. मडगार्डच्या आत ड्रेसिंग मारून.

एजंटाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, मी पॉलिश केलंय, खोटं काय बोललोय?” मी फोन ठेवला. रात्रभर ते वाक्य डोक्यात घोळत होतं. त्यानं विचारलेलं खरंच होतं. पॉलिश आम्हीही करतो. फरक एवढाच, की आम्ही हळकुंड मोडू देतो. त्यानं उजेड पाडला तो मी बघावं म्हणून नव्हे, बघून माझं समाधान व्हावं म्हणून. मोडायला काहीच दिलं नाही आणि मीही मागितलं नाही.

जुन्या आरसी बुकावर गावभागातला पत्ता होता. पंधरा दिवस मनाशी घोळवून एका संध्याकाळी मी तिथं गेलो. भांडायला नव्हतो गेलो, पण कशाला गेलो हेही मला नीट सांगता आलं नसतं. दार एका निवृत्त शिक्षिकेनं उघडलं. भिंतीवर पुरुषभर उंचीवर पाण्याची तपकिरी रेघ होती आणि रंग देताना ती मुद्दाम तशीच ठेवलेली दिसत होती. मी गाडीचा नंबर सांगितला. बाई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “बसा. चहा टाकते.”

त्यांनी सगळं सांगितलं. गाडी गल्लीत उभी होती. रात्रीत पाणी वाढलं. त्या वरच्या मजल्यावर. सकाळी खिडकीतनं पाहिलं तर सीट बुडालेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी बघायचंच सोडलं. नंतर एका गॅरेजवाल्यानं येईल त्या भावात नेली. “मी त्याला सगळं सांगून दिली हो,” त्या परत परत म्हणत होत्या, जणू मी त्यांच्यावर आळ घ्यायला आलोय. मी म्हटलं, “बाई, तुमच्यावर माझा काही राग नाही.” निघताना त्या चप्पल घालून खाली आल्या. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, दोनदा थोपटल्यासारखं केलं आणि विचारलं, “चालते ना व्यवस्थित?”

मी “हो” म्हटलं. खरंच चालत होती.

त्यानंतर मी गाडी विकून टाकीन असं घरच्यांना वाटलं होतं. मी तिला ठेवायचं ठरवलं, पण आता आतून बाहेरून ओळखून. पुढचे चार रविवार मी मामांच्या हाताखाली बसलो. त्यांनी आधी नको म्हटलं, मग बस म्हणाले. वॉशिंगच्या धंद्यातलं जे ज्ञान कुठल्या डब्यावर छापलेलं नसतं, ते मला तिथं मिळालं.

त्यांच्या तरुणपणी मडगार्डच्या आत डिझेल फवारायची पद्धत होती. डिझेलमध्ये जळकं ऑईल मिसळायचं आणि ट्रकच्या खालून सगळीकडे मारायचं. ट्रक काळा तुळतुळीत दिसायचा. आठ दिवसांत त्यावर धुळीचा एवढा थर बसायचा, की बोटानं नाव लिहावं. वाईट गोष्ट वेगळीच. खनिज तेलानं रबर फुगतं, मऊ पडतं. सस्पेन्शनचे बुश रबराचे, सांध्यांवरची आवरणं, ज्यांना बूट म्हणतात, ती आणि कितीतरी सील रबराचे. “वरनं तूप आन् आतनं भूक,” मामा म्हणायचे. अजूनही काही ठिकाणी हे चालतं. कुणी स्वस्तात ‘खालून डिझेल मारून देतो’ म्हणालं, तर हात जोडून नको म्हणा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

बाटलीतलं ड्रेसिंग दोन जातींचं. एक पारदर्शक, पातळ तेलासारखं, झाकण उघडलं की रॉकेलच्या जवळपासचा वास येणारं. ते लगेच झगझगीत चमकतं, जास्त दिवस टिकतं, पण चिकट राहतं, धूळ ओढतं आणि चाक फिरलं की त्याचे शिंतोडे दारावर उडतात. दुसरं पाण्यातलं. ताकासारखं पांढरं, कारण सिलिकॉनच्या तेलाचे बारीक थेंब पाण्यात मिसळून ठेवलेले असतात. पाणी उडून गेलं की थेंबांचा पातळ पापुद्रा मागे राहतो. चमक कमी, हात लावला तर कोरडं. मी हेच वापरतो. घट्ट मिळालं तर एका भागाला तीन भाग पाणी घालतो, मडगार्डच्या आत त्याहून जास्त कडक लागत नाही. तिथं आरसा कशाला हवा? ती जागा काळोखी दिसली पाहिजे, म्हणजे तिच्यापुढचं चाक आपोआप उठून दिसतं. एजंटाच्या गाडीत मला तीच खूण दिसायला हवी होती. वापरातल्या गाडीचं मडगार्ड आतून इतकं कधीच चमकत नाही.

पण लावायच्या आधीचं काम हेच खरं काम. आधी नुसतं पाणी, वरून खाली, चिखल भिजेपर्यंत. लगेच ब्रश घातला तर वाळूनं प्लास्टिकवर चरे पडतात. पाच मिनिटं मुरू द्यायचं, मग दाबाच्या पाण्यानं काढायचं. दाबाचा पाईप रबरी बुटांच्या आणि चाकाच्या सेन्सरच्या वायरीच्या फार जवळ न्यायचा नाही. मग क्लीनर, दहा भाग पाण्यात एक भाग, लांब दांड्याच्या ब्रशनं. कमानीची आतली कड, जिथं लायनर आणि पत्रा भेटतात, तिथं बोटानं. तिथं चिखल ओल धरून बसतो आणि पत्रा तिथंच पहिल्यांदा खातो. दरवाजाखालच्या पट्टीला पाणी जायची छोटी भोकं असतात, ती गाळानं बुजली असली तर तारेनं मोकळी करायची. माझ्या गाडीची दोन भोकं बुजलेली होती. वास तिथून येत होता. 2019 ची ओल 2020 च्या जूनपर्यंत पट्टीच्या आत कोंडून राहिली होती.

मग वाळू द्यायचं. माणसं इथंच घाई करतात. ओल्यावर मारलेलं ड्रेसिंग पाण्याबरोबर ओघळतं आणि चिखलावर मारलेलं चिखलालाच काळं करतं. दुसऱ्या पद्धतीनं मारलेली गाडी मी नुसत्या नजरेनं ओळखायला लागलोय. काळं असतं, पण त्याखाली फोड असतात, देवीच्या व्रणांसारखे. मी घरी एक जुना टॉवेल ठेवलाय. त्यानं टिपून घेतो, मग अर्धा तास चहा, पेपर, आयर्विनची पातळी. परत येऊन स्पंजवर थोडंसं ओतून हातानं लावतो. फवारा वापरत नाही. फवाऱ्याचा तुषार ब्रेकच्या डिस्कवर बसला, तर पॅड तो पितात आणि पहिल्या ब्रेकला गाडी घसरत पुढे जाते. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर तर थेंबही नको. दहा मिनिटांनी उरलेलं सगळं कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं. काही गाड्यांना आत लायनर प्लास्टिकचा नसतो, नमद्यासारखा कापडी असतो. त्याला ड्रेसिंग लावायचंच नाही, ते शोषून घेतं आणि मग धूळ कायमची. तो नुसता धुवायचा, झटकायचा.

आणखी एक. रंगकामाला गाडी द्यायची असेल तर महिनाभर आधीपासून हे बंद. सिलिकॉनचा अंश पत्र्यावर राहिला तर नव्या रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात आणि रंगवाला दिवसभर कपाळाला हात लावून बसतो.

या कामात मला एक नाद लागला तो मातीचा. धुण्याआधी लायनरवरचा चिखल बघायचा आणि महिन्याभरात गाडी कुठे कुठे गेली ते वाचायचं. आमच्या वाळवा-पलूसकडची काळी माती ओली असताना लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की तडे जाऊन तिच्या चौकटी होतात. बेसाल्ट झिजून झालेल्या त्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते, ती पाणी पिऊन फुगते, वाळली की आक्रसते. शेतात पडणाऱ्या भेगा आणि मडगार्डमधल्या भेगा एकाच कारणानं. जतकडून आलो की मुरूम, कोरडा, हाताने झटकला तरी पडतो. महाबळेश्वरला जाऊन आलो की जांभ्याची तांबडी माती; ती बादलीतलं पाणी कुंकवासारखं करते. कृष्णा जिथं उगवते तिथली तांबडी आणि ती जिथं आमच्या दारात शिरते तिथली करडी, दोन्ही माझ्या एकाच लायनरवर शेजारी शेजारी पाहिल्यात मी. ब्रश फिरवायच्या आधी दोन मिनिटं नुसतं बघत बसतो. मला ते आवडतं.

आमचे आप्पा असते तर त्यांना या कामाचं नवल वाटलं नसतं. आमच्याकडे खिलार बैलांची जोडी होती. आषाढातल्या बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. बैलांना ओढ्यावर नेऊन धुवायचं, उन्हात उभं करून अंग वाळू द्यायचं आणि मग आप्पा हळद आणि लोणी एका वाटीत कालवून घ्यायचे. जू जिथं बसतं, जिथलं कातडं वर्षभर घासून घट्टं पडलेलं असतं, त्या खांद्यावर ते अंगठ्यानं दाबत दाबत चोळायचे. चोळता चोळता बोटानं चाचपायचे: कुठं सूज आहे का, कुठं जखम धरतेय का. बैल मान खाली घालून डोळे अर्धे मिटायचा. शिंगांना हिंगूळ, बेगड, पाठीवर झूल, हे सगळं दुसऱ्या दिवशी. आम्हा पोरांना शिंगं रंगवायची घाई असायची. आप्पा म्हणायचे, “शिंगं पळून जात न्हाईत. खांदा बघू दे आधी.”

खरसुंडीच्या यात्रेत बैल बघायला जाताना ते मला बरोबर न्यायचे. तिथं व्यापारी जनावरावर झूल टाकून उभा असायचा. आप्पा सौद्याचं बोलणं काढायच्या आधी झूल उचलायला सांगायचे. कुणी का-कू केली की पुढं चालायला लागायचे. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. चार दशकांनी एजंटानं मोबाईलचा उजेड पाडला तेव्हा आप्पांचा तो हात मला आठवायला हवा होता.

‘पी हळद आणि हो गोरी’ असं आपल्याकडे म्हणतात. हळदीच्या पोत्यांत आयुष्य गेलेल्या मला त्यातली घाई चांगली कळते. ड्रेसिंगच्या बाबतीत लोक तीच घाई करतात. बाटली आणतात, फवारा मारतात, फोटो काढतात. माझी त्याला हरकत नाही, ज्याची त्याची गाडी. पण मडगार्डच्या आत हात न घालता तिथं ड्रेसिंग मारणं मला आता जमत नाही. लावण्याच्या निमित्तानं हात आत जातो, हाच माझ्या लेखी त्या बाटलीचा निम्म्याहून जास्त उपयोग आहे. 2022 साली डाव्या मागच्या चाकावरच्या कडेला पत्रा खाल्लेला मला बोटांनीच कळला, डोळ्यांनी नाही. नखाएवढा होता. घासून, प्रायमर मारून तिथंच थांबवता आला.

2021 च्या जुलैत परत पाणी चढायला लागलं. पातळी 40 ची खूण ओलांडून पुढे निघाली, तेव्हा घरातलं काही आवरायच्या आधी मी गाडी कुपवाडला मेहुण्यांच्या कारखान्यात नेऊन ठेवली. बायको म्हणाली, “तांदळाचा डबा वर ठेवायचा सोडून गाडी काय घेऊन चाललात?” मी म्हटलं, “एकदा बुडालीय ती.” त्यावर ती काही बोलली नाही. दाराला उभी राहून हात केला.

यंदा मुलगी पुण्याला गेली, क्लास संपला, मला यार्डात सायकल पुरते. गाडी विकायचं ठरलं. भाचा तासगावचा. त्याचा एक मित्र, द्राक्षबागायतदार, बघायला येणार होता. आदल्या रविवारी मी नेहमीसारखा पाट टाकून बसलो. धुतलं, टिपलं, चहा घेतला, बाटली हातात घेतली आणि थबकलो. बराच वेळ तसाच बसून होतो. लावलं तर एजंटानं केलं तेच होतं. न लावावं तर पाच वर्षं दर महिन्याला लावत आलोय आणि एवढ्या मेहनतीनं राखलेली जागा नेमकी निघायच्या वेळी उघडीबोडकी ठेवायची, तेही मनाला पटेना. बेंदराला आप्पा विकायला काढलेल्या बैलाचीही खांदेमळणी करायचेच.

लावलं. चारही चाकांवर, नेहमीइतकंच पातळ. मग डाव्या पुढच्या मडगार्डच्या चार क्लिपा आणि स्क्रू काढून ठेवले.

मित्र आला, बरोबर त्याची बायकोही होती. गाडी चालवून बघितली, पसंत पडली. मी त्यांना डाव्या चाकाशी बोलावलं, लायनर पुढे ओढला आणि आतला पत्रा दाखवला. गाळ मी कधीच काढलेला आहे, पण तो जिथवर साचला होता तिथं पत्र्यावर तांबूस रेघ उमटली आहे. वर दिलेल्या प्रायमरखालूनही ती दिसते. “2019 च्या पाण्यात ही सीटपर्यंत बुडालेली आहे,” मी म्हटलं. “मी घेतली तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढे काय काय केलं ते सगळं या वहीत लिहिलंय.” त्यानं वही चाळली. त्याची बायको मात्र वाकली, बांगड्या मागे सारल्या आणि मनगटापर्यंत हात आत घालून त्या रेघेवरून बोट फिरवलं. बाहेर काढून बोट पाहिलं. कोरडं होतं.

“आमच्या चुलत्यांचं घर होतं गावभागात,” ती म्हणाली. “हितनं रेघ दिसायची त्यांच्या भिंतीवर.” आणि तिनं आपल्या खांद्याच्या वर हात धरून दाखवला.

भाव त्यांनी पाच हजारांनी कमी मागितला. मी हो म्हटलं. लायनर परत बसवताना एक क्लिप जुनी होऊन मोडली. गाडीतल्या पेटीत दोन जादा असतात, पुड्यातली नवी काढली आणि अंगठ्यानं दाबली. टक्‌ करून बसली.